कामिनी नावाची गायिका

१९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. त्यातल्या झुल्यावरच्या गाण्याची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं : कामिनी. या नावाची कुणी गायिका मुंबईत नव्हती. कामिनी हे पडद्यावर मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव. नायिका पडद्यावर स्वतःच गाते हा समज मोडू नये म्हणून असेल, किंवा गाणाऱ्याचं नाव सांगण्याजोगं असतं हे अजून कुणाच्या ध्यानातच आलं नसेल म्हणून असेल, पण त्या काळी पात्राचं नाव छापून वेळ भागवली जाई. गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि आकाशवाणीकडे पत्रं येऊ लागली. ही कोण गाते? रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे विचारणा केली, उत्तर आलं, आणि लता मंगेशकर हे नाव निवेदनात उच्चारलं गेलं.

हा किस्सा लताबाईंच्या मोठेपणाचा म्हणून नेहमी सांगितला जातो. त्यातली पत्रं लिहिणारी माणसं मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. त्यांना गाणं आवडलं होतं, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना नाव हवं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत कंपन्यांनी, निर्मात्यांनी आणि सरकारनं जे लिहून ठेवलं नाही, ते याच खोडीपायी ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलं.

सरकारचं तर चित्रपटगीतांशी वाकडंच होतं. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. सिनेमाची गाणी अभिरुची बिघडवतात अशी त्यांची पक्की धारणा होती. आकाशवाणीवर या गाण्यांचा वाटा कापला गेला. गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. भांडणाचा फायदा मिळाला तो समुद्रापलीकडच्या कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी तिथे बसवलेला जबरदस्त ताकदीचा ट्रान्समीटर आता रेडिओ सिलोनच्या हाती होता, आणि भारतभर ऐकू जाणाऱ्या व्यापारी प्रसारणाला गिऱ्हाईक हवंच होतं. शॉर्टवेव्हवरची खरखर, लाटेसारखा आत-बाहेर होणारा आवाज, बटण केसभर सरकलं की मध्येच घुसणारं भलतंच स्टेशन, असल्या आवाजात एका पिढीनं नौशाद आणि शंकर-जयकिशन ऐकले. सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम आठला तीन मिनिटं कमी असताना लागणाऱ्या सैगलच्या गाण्यावर संपायचा. सैगल १९४७ च्या जानेवारीतच गेला होता. तरी कित्येक घरांत त्याचा आवाज आला की आठ वाजत आले असं धरलं जाई.

३ डिसेंबर १९५२ या दिवशी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते आणि मानधन होतं आठवड्याला पंचवीस रुपये. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फीत कोलंबोला जायची. सुरुवातीची गीतमाला क्रमवारीची नव्हतीच, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. वेगवेगळ्या वर्षांतल्या चित्रपटांची सात गाणी उलटसुलट क्रमानं लागायची आणि श्रोत्यांनी ती काळानुसार लावून पाठवायची. बक्षीस शंभर रुपये. म्हणजे ही परीक्षा होती, आणि अवघड परीक्षा, कारण कोणतं गाणं कोणत्या साली आलं हे पडताळायला तेव्हा एकही पुस्तक उपलब्ध नव्हतं. सयानींनी पुढे अनेकदा सांगितलं की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि बघता बघता आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रं तपासायची कुणी? म्हणून १९५४ च्या अखेरीस स्पर्धा गुंडाळून लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. हिंदुस्थानातल्या सगळ्यात गाजलेल्या ‘हिट परेड’चं मूळ असं टपालाच्या गोण्या आवरेनात यात आहे.

दर बुधवारी रात्री आठला मग हाणामारीच सुरू झाली म्हणायची. सयानी नंबराला ‘पायदान’ म्हणायचे. आपलं गाणं पायदान चढलं का, दोन पायऱ्या घसरलं का, यावर हॉटेलांतून आणि कॉलेजांच्या कट्ट्यांवर पैजा लागत. क्रमवारीचा आधार होता रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री. दुकानदारांना हाताशी धरून आकडे फुगवता येतात हे लक्षात आल्यावर गावोगावच्या श्रोता संघांच्या पत्रांनाही वजन आलं. रेडिओ ऐकणाऱ्यांनी संघ काढावा, पदाधिकारी निवडावेत, शिक्के बनवून घ्यावेत! आपल्याकडे गणेश मंडळ असतं तसंच हे, फक्त मूर्तीच्या जागी मर्फीचा सेट.

केसकरांच्याच कारकिर्दीत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. मग फर्माईशींचा पूर आला. मराठी घरांत ‘आपली आवड’मधली नावांची लांबलचक यादी गाण्याइतकीच कान देऊन ऐकली जाई, कारण त्यात चुलतभावाचं किंवा निदान शेजारच्या गावाचं नाव निघण्याची शक्यता असे. देशाच्या पातळीवर या खेळातलं अजिंक्यपद झुमरी तलैयाकडे होतं. आता झारखंडमध्ये, तेव्हा बिहारमध्ये असलेलं, अभ्रकाच्या खाणींवर चालणारं हे गाव. तिथल्या हौशी मंडळींत जास्त पोस्टकार्डं कोण टाकतो याची चुरस लागली आणि गावाचं नाव इतक्या वेळा वाजलं, की असं गाव खरोखरच आहे का अशी शंका लोक घेऊ लागले. नावं काल्पनिक असतात, रेडिओवालेच बनवतात, असं ठासून सांगणारे महाभाग महाराष्ट्रातही कमी नव्हते.

पण या साऱ्या मोजणीतून गाण्याची प्रत कळते का? १९६६ च्या वार्षिक गीतमालेत पहिला नंबर ‘सूरज’मधल्या रफीच्या गाण्याला मिळाला. त्या वर्षीचा फिल्मफेअर पुरस्कारही ‘सूरज’साठी शंकर-जयकिशन यांनाच. शर्यतीत सचिनदेव बर्मन यांचा ‘गाईड’ होता. आज जुन्या गाण्यांच्या कुठल्याही बैठकीत ‘गाईड’पुढे ‘सूरज’चं नाव काढून बघावं, लोक अंगावर येतील. त्या वर्षी मात्र जनता आणि पुरस्कार समिती एका बाजूला होती. १९७३ मध्ये याच्या उलट घडलं. ‘पाकीजा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले होते आणि संगीताचा पुरस्कार ‘बेईमान’ला गेला. खुद्द ‘बेईमान’मधल्या भूमिकेसाठी मिळालेला सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार प्राण यांनी नाकारला : मान ‘पाकीजा’च्या संगीताचा होता, असं म्हणून. संगीताच्या एखाद्या दर्दी श्रोत्यानं करावं तेच एका खलनायकानं केलं. मदन मोहन यांना तर फिल्मफेअर कधीच मिळालं नाही. ‘दस्तक’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेवढाच. त्यांच्या नावानं हळहळण्याचा छंद मात्र मराठी घरांत दोन पिढ्या टिकला.

त्या हळहळीला मराठीत शब्द दिले शिरीष कणेकरांनी. ‘गाये चला जा’ हे त्यांचं पुस्तक म्हणजे उघडउघड पक्षपाताचा नमुना. लता, अनिल विश्वास, सज्जाद हुसेन, मदन मोहन हे देव आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. अभ्यासक म्हणून त्यांच्याकडे पाहिलं तर निराशा होईल, पण समीक्षक जे लपवतात ते कणेकर मिरवायचे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी २००६ मध्ये हिंदी चित्रपटगीतावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तो दुसऱ्या टोकाचा : ठेका, उच्चार, वाद्यमेळ यांची शांतपणे चिरफाड करणारा. आवडीनिवडीच्या धुळवडीत रानडे उतरत नाहीत. खरं तर मराठी रसिकाला दोघांचीही गरज होती, आणि त्यानं बहुतेक वेळा कणेकरच उचलले.

रानड्यांच्या ग्रंथाच्या कितीतरी आधी कानपूरला हरमंदिर सिंह ‘हमराज’ नावाचा एक श्रोता वह्या भरत होता. १९७१ पासून त्यानं ‘लिसनर्स बुलेटिन’ काढायला घेतलं. हेतू साधा होता, रेडिओवर सांगितलेली आणि छापून आलेली चुकीची नावं दुरुस्त करायची. त्यातून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा राहिला. १९३१ पासूनच्या एकेका दशकाला एक खंड. गंमत म्हणजे आधी तिसरा खंड आला, १९५१ ते ६० या दशकाचा, १९८० मध्ये. मग दुसरा, चौथा, पहिला आणि १९९१ मध्ये पाचवा. चित्रपटाचं नाव, साल, दिग्दर्शक, कलावंत, संगीतकार, प्रत्येक गाण्याची पहिली ओळ, गीतकार, गायक आणि मिळाला तिथे तबकडीचा क्रमांक. कोशात मत एकही नाही. तरीही तो मतांच्या भांडणातून जन्मला.

माहिती यायची कुठून? थिएटरात मध्यंतरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांतून. या चोपड्या पुढे बहुतेक रद्दीत गेल्या, ज्या वाचल्या त्या कुणाच्या तरी ट्रंकेत. तबकड्यांतून. कंपन्यांच्या कॅटलॉगांतून. तबकडी हा पुरावाही फसवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं बसत, म्हणून चित्रपटात असलेला एखादा अंतरा तबकडीवर गायब असे, आणि कधी चित्रपटात एक गायक तर तबकडीवर दुसराच. जाणकार संग्राहक लेबलावर विसंबत नाहीत. तबकडी तिरपी धरून लेबलाभोवतीच्या कोऱ्या कडेवर कोरलेला बारीक क्रमांक वाचतात. असल्या लोकांनी १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. तिच्या संस्थापकांतले सुरेश चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. चोरबाजारात गुडघे टेकून तबकड्यांच्या चळती उपसायला विज्ञानातली शिस्त उपयोगी पडत असणार.

कोशाची खरी ताकद एका जागतिक वादात दिसली. १९७४ मध्ये गिनीज बुकानं जाहीर केलं की लता मंगेशकर यांनी १९४८ पासून किमान २५,००० गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. रफींना हे मान्य नव्हतं. आपण २८,००० गायलो असा त्यांचा दावा, आणि १९८० मध्ये त्यांचं निधन झाल्यावर गिनीजनं लताबाईंच्या नोंदीला रफींच्या दाव्याची पुस्ती जोडली. देशभर चाहत्यांच्या दोन छावण्या पडल्या. खरं तर पाटीवरचं गणित पुरेसं होतं. हिंदीत वर्षाला शंभर-सव्वाशे चित्रपट, चित्रपटामागे सात-आठ गाणी, म्हणजे सगळे गायक मिळून वर्षाची बेरीज हजाराच्या आसपास. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे जवळजवळ प्रत्येक गाणं लताबाईंचं, तलत आणि मुकेशचीसुद्धा! इतर भाषांतली गाणी मिळवली तरी हिशेब जुळत नाही. कोशाचे खंड हाती आले आणि लोकांनी एकेक ओळ मोजली. लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली, रफींची साडेचार हजारांच्या. १९९१ मध्ये गिनीजनं ती नोंदच काढून टाकली. दोन्ही छावण्यांतल्या भाविकांना या बेरजेचा राग आला, आणि हा राग बरंच सांगून जातो. पाच हजार गाणी म्हणजे काय थोडी आहेत?

अलीकडे शोध गाणाऱ्यांकडून वाजवणाऱ्यांकडे वळला आहे. ॲन्थनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलाल यांचे गुरू. त्यांच्या शिष्यानं ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं, ते देशभर गाजलं, आणि हे नाव खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींनी लिहिलेल्या स्वरलिप्यांवर हिंदी गाण्यांचे कितीतरी वाद्यमेळ उभे राहिले. तबकडीच्या लेबलावर त्यांच्यासाठी जागा नव्हती.

पुण्यात ‘पंचममॅजिक’ हा गट राहुलदेव बर्मन यांच्या वाढदिवशी, २७ जूनला, आणि ४ जानेवारीला त्यांच्या पुण्यतिथीला कार्यक्रम करत आला आहे. त्यात गाणी हुबेहूब सादर करण्यापेक्षा, ध्वनिमुद्रणात प्रत्यक्ष वाजवलेल्या वादकांना मंचावर बोलावून विचारण्यावर भर. मादल कोणी वाजवला? ‘यादों की बारात’मध्ये पेल्यावर काय आपटलं? ‘शोले’त बाटलीत फुंकलं ते कसं? सभागृहातला एखादा प्रेक्षक उठून सांगतो की दुसऱ्या अंतऱ्याआधी गिटार दोन आहेत, एक नाही, आणि वादक क्षणभर विचार करून मान डोलावतो. ‘आराधना’तली (१९६९) कोणती चाल वडिलांची, म्हणजे सचिनदेवांची, आणि कोणती मुलाची, हा वाद अशा ठिकाणी काढू नये. मध्यंतरातला चहा थंड होतो.

२०१७ मध्ये सारेगम या रेकॉर्ड कंपनीनं पाच हजार जुनी गाणी भरलेला ‘कारवाँ’ हा संच बाजारात आणला. बटण फिरवायचं, गायक निवडायचा. गीतमालेचे सयानींच्या आवाजातले भागही त्यात आहेत. आजोबांना भेट म्हणून तो हजारो घरांत गेला. पण गाणं लागल्यावर “हे कुठल्या पिक्चरमधलं?” असं नातवानं विचारलं की आजोबांचे डोळे अजून चमकतात, कारण ते उत्तर त्यांना पाठ असतं. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

गीतकोशाचा पहिला खंड ‘आलम आरा’पासून सुरू होतो. १४ मार्च १९३१, मुंबईतल्या गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर. गाणी सात. त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटाची प्रत नाही, आणि इतरत्रही ती आजवर सापडलेली नाही. मॅजेस्टिकही पाडलं गेलं. कानपूरच्या त्या श्रोत्याच्या पुस्तकात मात्र सातही गाण्यांची नोंद आहे, आणि वाचणाऱ्याला त्यांची चाल लावता येत नाही.