‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्यापूर्वी

वर्धा नदीच्या काठी, हावडा-मुंबई लोहमार्गावर वसलेल्या आणि केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे देशभर ठाऊक असलेल्या पुलगावात, हाताने गिअर टाकायच्या मोटारीचे दुखणे मुरलेला मिस्त्री नुसते कान देऊन ओळखतो. परंतु क्लचचे पेडल नसलेली मोटार त्याच्या दारी येऊन झटके देऊ लागली, की जमलेल्या मंडळींच्या तोंडून तहकीकातीच्या आधीच फैसला बाहेर पडतो : ‘गिअरबॉक्स गेला.’ या दोन शब्दांपायी मालकाला मोठ्या रकमेचा भुर्दंड पडतो, आणि मनाला लागते ते हे, की पुष्कळदा अपराधी दुसराच कोणी असतो.

मुळातला गैरसमज असा, की ‘ऑटोमॅटिक’ ही एकच वस्तू आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरियोबरोबर आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आलेली एएमटी हा वस्तुतः नेहमीचाच गिअरबॉक्स असून, क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे संगणकाच्या हुकमाने होते. म्हणून गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटल्यासारखी वाटणे हा तिचा स्वभाव आहे, विकार नव्हे. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, दोन पुल्या आणि त्यांवरचा पट्टा असतो. तेव्हा जोराने अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज आधी चढला आणि वेग मागून आला, तर काही घसरते आहे असे मानण्याचे कारण नाही. डीसीटीत दोन क्लच आळीपाळीने काम करतात, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या, भक्कम पद्धतीत इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे पोहोचते. मोटार यांपैकी कोणत्या जातीची, हे ठरल्यावाचून निदानाचा श्रीगणेशाही होऊ शकत नाही.

दुसरा समज, प्रत्येक झटका गिअरबॉक्सचाच, हा तर विशेष घातक आहे. उभ्या मोटारीत लिव्हर ‘पी’वरून ‘आर’ किंवा ‘डी’वर नेताच धाडकन आघात होत असेल, तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेले असते ते फाटले आहे काय, हे आधी पाहावे, वळताना कटकट आवाज येत असेल, तर एक्सलच्या सांध्याकडे वळावे. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जाताना, चाक खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवली, तर दोन संशयित समोर येतात : ठिणगी चुकवणारा स्पार्क प्लग वा कॉइल, किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच. मागे वाहन नाही याची खात्री करून, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेकच्या पेडलला अगदी हलका स्पर्श करावा; पुष्कळ मोटारींत तेवढ्याने लॉक-अप सुटतो, आणि थरथर तत्क्षणी थांबली तर संशयाचा काटा त्याच्याकडे झुकतो. ही साधी कसोटी जाणत्या मिस्त्र्याला शेजारी बसवून करावी, एवढीच तसदी मालकाने घ्यावयाची.

स्कॅनर जोडला की तो बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो, ही श्रद्धाही तितकीच व्यापक. पी०७०० हा संकेत आला, तर गिअरबॉक्सच्या संगणकाने स्वतःच्या दप्तरात काही तक्रार नोंदवली आहे, इतकाच त्याचा अर्थ. ते दप्तर उघडू शकणारा स्कॅनर लावून आतली नोंद वाचल्यावाचून पुढे जाणे व्यर्थ. संकेत ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. तिच्या मागे तुटकी वायर, गंजलेला कनेक्टर किंवा क्षीण झालेली बॅटरीसुद्धा असू शकते. मोटार एकाएकी एकाच गिअरमध्ये अडकून संथ चालू लागली, तरी घाबरू नये : बिघाडाची चाहूल लागताच संगणक पुष्कळदा यंत्राच्या रक्षणासाठी मुद्दामच तसे करतो, म्हणजे मोटार वर्कशॉपपर्यंत पोहोचावी.

तेलाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे वाटते. ‘हे तेल आयुष्यभराचे’, असे विक्रेते सांगतात आणि मालक निश्चिंत होतो. पण तेल उष्णतेने जीर्ण होते, आणि वैशाखात विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मंद रहदारीत रखडणाऱ्या, भाराने लादलेल्या मोटारीतील तेल विश्रांती मागते. तेल तपासताना नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण सगळेच तेल लाल नसते आणि काही तेले लवकर काळवंडतात. जळकट वास आणि बोटांना लागणारी धातूची कणी हा अधिक भक्कम पुरावा होय. पातळीही थंड मोटारीत पाहून चालत नाही, कारण तापल्यावर तेल फुगते; उत्पादकाने नेमून दिलेल्या तापमानाला आणि पद्धतीनेच ती मोजली पाहिजे. त्याचप्रमाणे पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच तेल घालावे. सीव्हीटीत दुसरेच तेल ओतणे म्हणजे पट्ट्याचा घात करणे होय. जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलले की तो बंद पडतो, ही वदंता मात्र अर्धसत्यावर उभी आहे : ज्याच्या क्लच प्लेटा आधीच झिजून गेल्या त्याला नवे तेल वाचवू शकत नाही, आणि बदलाच्या दुसऱ्या दिवशी तो थांबला की दोष तेलाच्या माथी जातो.

राहता राहिला टोचनाचा प्रश्न. बंद पडलेल्या मोटारीला चार माणसांनी धक्का देऊन इंजिन सुरू करण्याचा आपला जुना रिवाज टॉर्क कन्व्हर्टरच्या मोटारीत निष्फळ ठरतो; कारण तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि तेलाच्या दाबावाचून चाके इंजिनाला फिरवू शकत नाहीत. त्याच कारणाने, पुढची चाके चालवणारी अशी मोटार दोरखंडाने पुलगावहून वर्ध्यापर्यंत ओढीत नेली, तर आतले भाग तेलाविना कोरडे फिरत राहतात, आणि धड असलेला गिअरबॉक्सही वाटेतच जखमी होतो. म्हणून फ्लॅटबेड गाडी मागवावी, ती नसेल तर पुढची चाके उचलून न्यावी, आणि मिस्त्र्याच्या हाती किल्ली देताना झटका कोणत्या वेगाला, थंड मोटारीत की तापल्यावर, चढावर की सपाटीवर येतो, याचा तपशील कागदावर लिहून द्यावा.