उचल, मुकादम आणि तुमचं गार्डनिंगचं कोटेशन

गार्डन मेंटेनन्सच्या व्हिडिओत आपण लॉन, खतं, पाण्याचं वेळापत्रक, मशीन सगळं बघितलं. माणसांबद्दल मात्र मी जेमतेम दोन मिनिटं बोललो. ती माझी चूक, म्हणून हा लेख.

पुण्यातले एक उद्योजक माझ्याकडे ट्रेनिंगला होते. आठ सोसायट्यांच्या बागा सांभाळतात, चौदा माणसं, सगळी एकाच मुकादमाकडून आलेली. म्हणाले, "सर, माणसं टिकतात, पण कामात जीवच नाही त्यांचा." मी म्हटलं, एक दिवस साइटवर येतो. जेवणाच्या सुट्टीत एका पोराशी गप्पा झाल्या. गावाकडे आई आजारी, महिनाभर जायचं म्हणतो. मग जा की बाबा! तर म्हणाला, "उचल फिटल्याशिवाय जाता येत नाही."

उचल किती? 18,000. दर महिन्याला 2,000 कापले जातात, अकरा महिने झाले. म्हणजे 22,000 गेले. तरी मुकादमाच्या वहीत 9,000 बाकी! खोलीचं भाडं, गॅस, गावाहून आणल्याचा खर्च, आणि खाड्याचा दंड. आधार कार्ड मुकादमाकडे, एटीएम कार्डही त्याच्याकडेच.

आमचे उद्योजक हादरले. "अहो सर, मी तर सगळ्यांचे पगार बँकेत टाकतो!" टाकत होते, खोटं नाही. पण कार्ड ज्याच्या खिशात, पगार त्याचा. बँकेची एंट्री बघून आपण निश्चिंत होतो, तिथेच फसतो.

आता हे फक्त "मुकादम जरा कडक आहे" एवढंच प्रकरण नाही. वेठबिगारी निर्मूलन कायदा 1976 चा आहे. आगाऊ पैसे देऊन त्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करायचं किंवा मोकळेपणी येण्याजाण्याचं स्वातंत्र्य काढून घेणं, हे त्या कायद्यात थेट वेठबिगारीत मोडतं. साखळदंड लागत नाही, कुलूप लागत नाही. असं कर्ज कायद्यानेच रद्द होतं आणि वेठबिगारी करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. न्या. भगवती यांच्या खंडपीठाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम 23 नुसार सक्तीची मजुरी आहे. माणूस "राजीखुशीने" आला तरीही. पोटाची भूक ही पण सक्तीच, असा त्याचा अर्थ.

म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न मुकादमापासून नाही, कोटेशनपासून सुरू होतो.

करून बघू. सोसायटीला चार माणसं हवीत, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 104 हजेऱ्या. उदाहरणासाठी 500 रुपये रोज धरा (तुमच्या झोनचा खरा दर कन्सल्टंटकडून घ्या, आपल्याकडे जानेवारी आणि जुलैत विशेष भत्ता बदलतो). नुसती मजुरीच 52,000 झाली. आता समोरच्याने 38,000 ला काम घेतलं म्हणून तुम्हीही 38,000 ला घेतलं. त्यातून पेट्रोल, खत, फवारणीचे 4,000 काढा. उरले 34,000, भागिले 104, म्हणजे हजेरीला 327 रुपये. मुकादमाने माणशी 50 घेतले की 277. आणि यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही! कागदावर सही करतानाच कुणाच्या तरी ताटातून काढायचं ठरलेलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना हा हिशोब दाखवा. काही जण ऐकतात. काही नाही ऐकत, मग ते काम सोडावं लागतं. मी गोड बोलून सांगणार नाही.

नर्सरीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण उरुळी कांचनच्या पट्ट्यातून बरेच जण बघतात. तिथे बऱ्याचदा "जोडी" लागते, नवरा-बायको. पिशव्या भरणं, खुरपणी, रोपं उचलणं दोघं करतात, आणि हजेरी एकट्या नवऱ्याच्या नावावर. ऊसतोडीच्या कोयत्याची सवय आपण नर्सरीत आणली. बाईची हजेरी वेगळी, पगार वेगळा, तिच्याच खात्यात. पोरं पिशव्या भरताना दिसली तर "आईला मदत करतायत" म्हणून सोडून देऊ नका. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे.

मग उचल द्यायचीच नाही का? द्या. लग्न, दवाखाना, पावसाळ्याआधीची कौलं, गरज खरी असते. पण तुम्ही स्वतः द्या, बिनव्याजी, कागदावर, एक प्रत त्याच्याकडे. हप्ता एवढाच, की घरी पाठवायला पैसे उरतील. आणि तो मध्येच निघाला तर जाऊ द्यायचं, केलेल्या दिवसांचा पगार दोन दिवसांत हातात. राहिलेली उचल नंतर मागा, पण माणूस अडवून नाही.

आमच्या उद्योजकांनी काय केलं? पहिल्यांदा मुकादमावर ओरडायला निघाले होते, मी थांबवलं. असं केलं की रातोरात माणसं दुसऱ्या साइटवर हलवली जातात. आधी एकेकाशी मुकादम नसताना बोलले, वहीचे फोटो घेतले, मग तहसीलदार कार्यालयात लेखी दिलं. या कायद्यात जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. चौकशीत स्वतःलाही प्रश्न विचारले गेले, घाम फुटला, पण त्यांनी लपवलं नाही. सगळ्यांची कार्डं परत मिळाली. त्या पोराला आधी गावी पाठवलं, हिशोब चुकता करून.

आता हजेरी कार्ड माणसाच्याच खिशात असतं, मुकादमाचं कमिशन कंपनी वेगळं देते, आणि महिन्यातून एकदा मालक स्वतः खोलीवर जाऊन चहा घेतात. खोलीवर गेल्यावरच कळतं, आठ जण एका पत्र्याखाली झोपतात की नाही.

आठपैकी दोन सोसायट्या गेल्या, दर वाढवला म्हणून. एक चार महिन्यांनी परत आली, हेज वाळून गेल्यावर.

कोटेशनच्या या हिशोबाची एक्सेल शीट पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो. तोवर तुमच्या साइटवर एकच प्रश्न विचारून या: "एटीएम कार्ड कुणाकडे आहे?"