धाप न लागणारी पोलीस बाइक

कोलंबियाची राजधानी बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे 2640 मीटर उंच आहे. कळसूबाईचं शिखर गाठायचं आणि तिथून आणखी एक किलोमीटर सरळ वर जायचं, म्हणजे बोगोटाची उंची! नव्या पाहुण्याला तिथं जिना चढताना धाप लागते. गंमत म्हणजे, पेट्रोलच्या मोटरसायकललाही लागते. पेट्रोल जाळायला प्राणवायू हवा आणि इथली हवा समुद्रकाठापेक्षा जवळपास पाव हिश्शानं विरळ. साध्या इंजिनाची ताकदही त्याच हिशेबानं घटते.

2013 च्या सुमारास या शहराच्या पोलिसांसाठी 100 विजेच्या मोटरसायकली घेतल्या गेल्या. बनवणारी कंपनी कॅलिफोर्नियातली, झीरो मोटरसायकल्स. या गाड्यांना धाप लागते का? छे! त्या श्वासच घेत नाहीत.

मग चालतात कशा? 1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला दिसलं, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. वीज चुंबक बनते! मोटरच्या पोटात हेच घडतं. गोलाकार बसवलेल्या वेटोळ्यांमधून एकापाठोपाठ एक वीज सोडली जाते, त्यामुळे चुंबकीय ओढ गोल गोल फिरते. मधल्या रोटरवरचे, म्हणजे फिरत्या भागावरचे, चुंबक तिच्यामागे धावतात. बैलापुढे वैरणीची पेंढी धरून चालत राहावं, तसं! पेंढी हाती लागत नाही, पण चाक फिरत राहतं. ना स्फोट, ना पिस्टन. मोटरमध्ये फिरणारा मुख्य भाग एकच.

आता गस्त आठवा. बाजारातून चालण्याच्या वेगानं जायचं, थांबायचं, दुकानदाराशी दोन शब्द बोलायचे, पुन्हा निघायचं. पेट्रोल इंजिनाला नेमकं हेच जमत नाही. ते शून्यातून जोर लावू शकत नाही, म्हणून गाडी उभी असतानाही त्याला मिनिटाला हजारभर फेरे मारत ठेवावं लागतं. क्लच आणि गिअर आले ते त्यासाठीच. मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. या बाइकला क्लच नाही, गिअरही नाहीत. गाडी थांबली की मोटरही थांबते. गर्दीतून वाट काढणाऱ्या पोलिसाचं लक्ष गाडीवर कमी, माणसांवर जास्त!

बॅटरीचा हिशेब तर आणखी चकित करतो. झीरोच्या 2018 च्या डीएसआर मॉडेलमध्ये 14.4 युनिट वीज मावत असे. एवढी ऊर्जा किती पेट्रोलात असते? जेमतेम दीड-पावणेदोन लिटर! तरीही शहरात 200 किलोमीटरहून जास्त पल्ला मिळेल असं कंपनी सांगे. कारण साधं आहे. पेट्रोल इंजिन मिळालेल्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेत घालवतं, तर मोटर जवळपास नऊ दशांश ऊर्जा कामी लावते. वेग कमी करताना तीच मोटर जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीला परतही करते.

इथं ॲव्हरेजचं गणितच उलटं होतं. पेट्रोलची गाडी हायवेला जास्त ॲव्हरेज देते, विजेची शहरात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यामुळे हायवेवरचा लांब पाठलाग बॅटरी भराभर रिकामी करतो आणि चार्जिंगला पेट्रोल भरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सगळ्याच कामाला ही गाडी चालणार नाही, ती यामुळेच.

आणि शांतता? इंजिनाची फटफट नाही, म्हणून चोराला पोलीस आल्याचा सुगावा उशिरा लागतो. उलट पोलिसाला मात्र काच फुटल्याचा आवाज येतो, कुणाची हाकही ऐकू येते.

हे सगळं एकदम नवं वाटतं ना? अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात 1899 मध्ये धावलेली गाडी जगातली पहिली पोलीस मोटार मानली जाते. तीही विजेचीच होती! ताशी सुमारे 26 किलोमीटर वेग, आणि पहिली कामगिरी एका दारुड्याला उचलून आणण्याची.

तेव्हा पोलिसांची गाडी निवडताना आधी तिचा सर्वाधिक वेग विचारू नका. तिचा दिवस कुठं जातो ते विचारा. उत्तर हायवे असेल तर पेट्रोल अजून सोयीचं. उत्तर गल्लीबोळ असेल, तर विजेला तोड नाही.