काळे कापड जांभळे का उतरले? जुनी भिंगे आणि डिजिटल रेंजफाइंडर

सुरतच्या रिंग रोडवरील कापडबाजार हा कृत्रिम धाग्याच्या कापडाचा देशातील सर्वांत मोठा बाजार मानला जातो. तेथील काळ्या पॉलिस्टर कापडाच्या ताग्यांचे छायाचित्र लायका कंपनीच्या ‘एम८’ या कॅमेऱ्याने, कोणतीही विशेष काळजी न घेता टिपले, तर त्यातील अनेक तागे जांभळट दिसतील. ज्या गावाचा व्यवहार कापडाच्या रंगछटेवर चालतो, तेथे हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. गंमत अशी की, हा दोष कंपनीच्या निव्वळ निष्काळजीपणातून आला नव्हता. जुन्या भिंगांशी इमान राखण्याची ती किंमत होती.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. छायाचित्रकार स्वतंत्र खिडकीतून पाहतो. तिच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की केंद्रीकरण साधते. आरशासाठी जागा सोडावी लागत नसल्याने भिंगाचा मागील भाग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतो. त्यामुळे भिंगे लहान, हलकी आणि तरीही उत्तम बनली. मात्र कडेला पोहोचणारे किरण फार तिरपे पडू लागले. फिल्मला या तिरपेपणाचे काही वाटत नाही. डिजिटल सेन्सरला वाटते. त्याच्यावर काचेचे आवरण असते आणि तिरपा किरण जाड काचेतून जाताना सरकतो. चित्राचे कोपरे पुसट होतात.

म्हणून २००६ मध्ये ‘एम८’ बनवताना हे आवरण केवळ अर्धा मिलिमीटर जाडीचे ठेवण्यात आले. परंतु डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण अडवण्याचे कामही हीच काच करते. ती पातळ झाल्यावर ते किरण आत शिरले. कृत्रिम धाग्यांवरील अनेक काळे रंग दृश्य प्रकाश शोषतात, अवरक्त किरण मात्र परतवतात. सेन्सर त्यांचीही नोंद करतो आणि काळ्याचे जांभळे होते. अखेर भिंगापुढे लावण्याचे दोन फिल्टर प्रत्येक ग्राहकाला विनामूल्य देण्याची पाळी कंपनीवर आली.

२००९ च्या ‘एम९’मध्ये सेन्सर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचा झाला आणि आवरण ०.८ मिलिमीटरचे. काळा रंग बराच सुधारला. पण या खेपेची काच ओलाव्याने गंजणारी निघाली. काही वर्षांनी चित्रांत ठिपके उमटू लागले आणि कंपनीला वेगळ्या काचेचे सेन्सर बसवून द्यावे लागले. तापीकाठचे सुरत असो की मांडवीकाठची पणजी, अशा हवेत राहणाऱ्याने जुना ‘एम९’ घेताना पहिला प्रश्न किमतीचा न विचारता सेन्सर बदलला आहे काय, हा विचारावा.

इतके सोसून जुनी भिंगे जपायची कशासाठी? कारण ती खरोखरच बसतात. ‘एम’ पद्धतीची जोडणी १९५४ च्या ‘एम३’पासून आजतागायत कायम आहे. त्याआधीची आट्यांची भिंगे तर १९३० च्या दशकापासूनची. आट्यांच्या कॅमेऱ्यात भिंगाचे बूड आणि फिल्म यांतील अंतर २८.८ मिलिमीटर, ‘एम’मध्ये २७.८. नेमका एक मिलिमीटरचा फरक! तेवढ्याच जाडीचे धातूचे कडे बसवले की नव्वद वर्षांपूर्वीचे भिंग आजच्या कॅमेऱ्यावर चढते आणि आतील चाकाला ढकलून दोन प्रतिमा जुळवण्याचे कामही पूर्वीसारखेच करते.

सोव्हिएत बनावटीच्या ‘ज्युपिटर’ भिंगांबाबत मात्र सावध असावे. त्यांचा वंश जर्मनीच्या झाइस भिंगांचा. लायकाच्या मोजमापाशी ती तंतोतंत जुळतीलच असे नाही. ५० मिलिमीटरचे भिंग एफ २ वर पूर्ण उघडून एक मीटरवरील माणसाचे चित्र घेतले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो. खिडकीत प्रतिमा जुळली तरी डोळ्यांऐवजी कान रेखीव येऊ शकतात. पोस्टकार्डाएवढ्या छापील प्रतीत ही चूक खपून जात असे. संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहताच ती उघडी पडते. २०१२ नंतरच्या ज्या कॅमेऱ्यांत मागील पडद्यावर थेट चित्र दिसते, त्यांत या अडचणीवर मात करता येते.

युद्धपूर्व भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप बहुधा नसतो. सुरतेच्या डच दफनभूमीत ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा कर्ता हेंड्रिक व्हान ऱ्हीड याची घुमटाची समाधी आहे. कोकणी वैद्यांच्या साहाय्यामुळे हा ग्रंथ गोमंतकीयांना परका नाही. अशा वास्तूच्या सावलीतून उजळलेल्या कमानीकडे लेपहीन भिंग रोखले, तर प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन सावल्या धूसर होतात. कोणी याला मार्दव म्हणतो, कोणी दोष. कापडाच्या जाहिरातीसाठी तो दोषच आहे. समाधीच्या चित्राला कदाचित शोभेल.

बुरशी मात्र कोठेच शोभत नाही. दमट हवेत, विशेषतः चामड्याच्या पिशवीत वर्षानुवर्षे बंद असलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि त्यांचे आम्ल लेपच नव्हे, काचही खाते. तंतू पुसले गेले तरी खाल्लेली काच भरून येत नाही. सुरतेत हिरा पारखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग वापरतात. तेच येथेही उपयोगी पडते. जुने भिंग घेताना त्याचे छिद्र पूर्ण उघडावे, मागून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकावा आणि काचेची प्रत्येक बाजू सावकाश पाहावी. विक्रेता घाई करू लागला, तर सौदा तेथेच थांबवावा.