एजंटला ब्रँच काढायला देण्याआधी

शिरूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रावरचं एक उदाहरण घेऊ. किटली मापात रिकामी होते, यंत्र फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, दाखवतं, दरपत्रकाप्रमाणे पावती निघते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरायचा आणि पॉइंट वर-खाली झाला की दर वाढवायचा किंवा कापायचा, हा हिशेब सॉफ्टवेअर करतं. ते सॉफ्टवेअर दौंडमधला एक प्रोग्रामर सांभाळतो, असं समजा. कपातीचे दर बदलले आणि दुरुस्तीचं काम त्याने एआय एजंटवर सोपवायचं ठरवलं. एजंट म्हणजे नुसतं उत्तर देऊन न थांबता, दिलेली टूल वापरून काम उरकणारं मॉडेल. सकाळ-संध्याकाळचं संकलन चालू असताना चालत्या कोडमध्ये त्याला हात घालू देणं परवडणारं नाही. एजंटने आधी वेगळी ब्रँच काढली पाहिजे.

ब्रँच म्हणजे सगळ्या फायलींची दुसरी प्रत, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहायला घेतलेल्या गिटमध्ये ब्रँच म्हणजे एका कमिटकडे, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या बदलाकडे, बोट दाखवणारी खूण. कमिटला साधारणपणे ४० अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. ब्रँचच्या नावासमोर तो नोंदवला की ब्रँच तयार. म्हणून हजारो फायलींच्या रिपॉझिटरीतही, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसाठ्यातही, हे काम क्षणात होतं. पुढचे बदल नव्या खुणेवर चढत जातात आणि मेन, म्हणजे मुख्य, ब्रँच जागची हलत नाही. पुण्याहून दौंडपर्यंतचा लोहमार्ग एकच, पुढे सोलापूर, मनमाड आणि बारामती असे फाटे फुटतात. फाटा नेमका कुठून फुटला, यावर पुढचा प्रवास ठरतो. ब्रँचचंही तसंच आहे.

एजंट रिपॉझिटरीपर्यंत पोचतो तो टूलमार्फत. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सर्वांसाठी खुला केला. त्यात टूलची ओळख करून देण्याची पद्धत साधी आहे: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा आराखडा. गिट रिपॉझिटरी ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबच्या एमसीपी सर्व्हरमध्ये ‘क्रिएट ब्रँच’ हे असंच एक टूल आहे. त्याला रिपॉझिटरीचा मालक, रिपॉझिटरीचं नाव आणि नव्या ब्रँचचं नाव द्यावंच लागतं. ब्रँच कोणत्या ब्रँचवरून काढायची, हे सांगणं मात्र ऐच्छिक. मग मूळ ब्रँच सध्या कोणत्या कमिटवर आहे ते टूल गिटहबला विचारतं आणि त्याच कमिटवर नवी खूण ठेवायला सांगतं.

एजंटला टूलच्या आतला कोड दिसत नाही, दिसतं ते वर्णन. माणूस अडला तर शेजारी बसलेल्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा अंदाज बांधून पुढे जातो. त्यामुळे ‘नवी ब्रँच तयार करते’ एवढं वर्णन माणसाला पुरलं तरी एजंटला तोकडं पडतं.

सगळ्यात जास्त धोका मूळ ब्रँच सांगण्याच्या त्या ऐच्छिक रकान्यात आहे. तो रिकामा ठेवला तर टूल रिपॉझिटरीची ठरलेली ब्रँच, म्हणजे बहुधा मेन, धरतं. आता दुधाचंच बघा. एजंटने दरपत्रकाची दुरुस्ती एका ब्रँचवर केली, पण ती अजून मेनमध्ये मर्ज झालेली, म्हणजे मिसळलेली, नाही. पाठोपाठ त्याला बिलाची छपाई नव्या दराप्रमाणे करायला सांगितली. त्याने दुसरी ब्रँच काढली आणि रकाना रिकामा सोडला. ब्रँच निघाली, टूलने ‘काम झालं’ असं कळवलं, पण तिच्यात जुनंच दरपत्रक आहे. कुठेही चूक दाखवली जात नाही. जुन्या कपातीने छापलेलं बिल उत्पादकाच्या हातात पडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्वतःचं टूल लिहिणाऱ्याने हा रकाना सक्तीचाच करावा. ते शक्य नसेल तर वर्णन असं लिहावं:

‘दिलेल्या ब्रँचच्या ताज्या कमिटवरून नवी ब्रँच काढते. फायली बदलत नाही, मर्ज करत नाही. मूळ ब्रँच दिली नाही तर मेन धरली जाते. काम आधीच्या, अजून मर्ज न झालेल्या बदलावर अवलंबून असेल तर त्या ब्रँचचं नाव द्या. कोणती ब्रँच ते कळत नसेल तर वापरणाऱ्याला विचारा.’

टूल काय करत नाही, हे लिहायला आपण विसरतो. ते वाक्य नसेल तर ब्रँच काढली म्हणजे बदलही जपून ठेवले गेले, असं एजंट धरून चालू शकतो.

यानंतर नकाराची उत्तरं. त्या नावाची ब्रँच आधीपासून असेल तर गिटहब ४२२ हा क्रमांक देऊन नकार कळवतं. एजंटला नुसतं ‘जमलं नाही’ एवढंच कळलं, तर तो नावापुढे २, ३ असे आकडे लावत नव्या ब्रँच काढत सुटतो आणि रिपॉझिटरीत कचरा साठतो. आणखी एक शक्यता बारकाईने लिहून ठेवावी. पहिल्या मागणीला ब्रँच निघाली, पण उत्तर यायच्या आत नेट गेलं. एजंटने पुन्हा मागणी केली आणि ‘नाव आधीच आहे’ असं उत्तर आलं. ती ब्रँच त्याचीच आहे. तेव्हा टूलच्या दस्तऐवजात लिहा: अशी ब्रँच कोणत्या कमिटवर आहे ते आधी तपासा, अपेक्षित कमिटवर असेल तर तीच वापरा, नसेल तर थांबून विचारा.

नावांचे नियम थोडक्यात सांगता येतात. मोकळी जागा, लागोपाठ दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारांकित चिन्ह हे गिटला चालत नाही. एजंटच्या ब्रँचना ठरावीक उपसर्ग द्यावा. गिटहबच्या कोपायलट एजंटच्या ब्रँच ‘कोपायलट/’ने सुरू होतात, त्यामुळे यादीत नजर टाकताच त्या ओळखू येतात.

वर्णन कितीही चांगलं असलं तरी ते कुलूप नव्हे. ब्रँच काढायला लागणाऱ्या टोकनला, म्हणजे प्रवेशाच्या किल्लीला, रिपॉझिटरीत लिहिण्याची परवानगी द्यावीच लागते आणि त्याच परवानगीने मेनवरही लिहिता येतं. म्हणून टोकन त्या एकाच रिपॉझिटरीपुरतं द्या आणि मेनला संरक्षण लावा, म्हणजे माणसाने पाहून मंजूर केलेल्या पुल रिक्वेस्टशिवाय, म्हणजे बदल मिसळण्याच्या विनंतीशिवाय, तिथे काही जाणार नाही. ब्रँच निघताच आपोआप चालणारी कामं बसवलेली असतील तर तीही सुरू होतात. याची नोंद दस्तऐवजात हवी.

टूल खऱ्या कामाला जोडण्याआधी एक चाचणीची रिपॉझिटरी काढा. एजंटला मूळ ब्रँच न सांगता काम द्या, एकच नाव दोनदा मागायला लावा, आणि जिथे त्याने अंदाज बांधला ती वर्णनातली ओळ तिथल्या तिथे दुरुस्त करा.