शेरा मारला म्हणजे काम झाले?

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी-मुलचेरा भागातील बंगाली वसाहतींविषयी दोन समज पक्के आहेत. एक, ही माणसे अजून परकीयच. दुसरा, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात निवेदन पोहोचून त्यावर शेरा पडला की प्रश्न सुटतो. पहिला समज कायद्यापुढे टिकत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही कुटुंबे 1960 च्या दशकात जुन्या चांदा जिल्ह्यात सरकारनेच वसवली. शिवाय 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद सोडल्यास, जन्मानेच भारतीय. आईवडील कुठून आले याला तिथे महत्त्व नाही. दुसरा समज जास्त चिवट आहे, कारण तो पुढारी आणि अर्जदार दोघांनाही सोयीचा पडतो.

मुख्यमंत्री कार्यालय निवेदनाची नोंद घेते आणि 'उचित कार्यवाहीसाठी' ते संबंधित विभागाकडे पाठवते. शेऱ्याने अर्जाला गती येईल, पण विभागाला नसलेला अधिकार येत नाही. या वसाहतींतल्या नमःशूद्र जातीचेच उदाहरण घ्या. पश्चिम बंगालात ते अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. घटनेच्या कलम 341 नुसार ही यादी राज्यागणिक वेगळी असते आणि तीत बदल फक्त संसद करू शकते. तेव्हा जातीचा दाखला तहसीलदाराने अडवला म्हणणे सोपे असले, तरी यादीबाहेरचा दाखला देण्याची मुभा त्याला नाही, मुख्यमंत्र्यांनाही नाही. नागरिकत्व हा विषयही केंद्राचा. 2024 च्या नागरिकत्व नियमांत अंतिम निर्णय केंद्राने नेमलेल्या अधिकारप्राप्त समितीकडे आहे.

मग मुंबईला निवेदन पाठवावेच कशाला, असा आक्षेप येईल. पाठवावे, कारण यादी बदलण्याची सुरुवात राज्याच्या प्रस्तावापासून होते. तो प्रस्ताव भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग तपासतात, दोघांची सहमती झाली तरच विधेयक येते. म्हणून 'आम्हाला दाखला द्या' या अर्जाचे उत्तर नकारच असणार. 'पुराव्यांसह प्रस्ताव केंद्राला पाठवा' या मागणीवर मात्र राज्याला भूमिका घ्यावी लागते. केंद्राच्या अधिकाराकडे बोट दाखवताना राज्याची दिरंगाई झाकली जाते, हा आक्षेपही खरा आहे. पण ती कुठे शोधायची? जमीन हा राज्याचा विषय. वसाहतींना दिलेल्या जमिनीच्या नोंदी आणि हक्क रखडले, तर दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय राज्याला उरत नाही. जे परकीयच आहेत त्यांच्याबाबतही जमीन राज्याकडेच येते. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतील तिबेटी निर्वासितांचा दर्जा वेगळा आहे; त्यातले बरेच जण आजही कायद्याने परकीय, आणि निर्वासितांसाठी सर्वसाधारण कायदा भारतात नाही. त्यांच्यासाठी केंद्राने 2014 मध्ये पुनर्वसन धोरण आणले, तरी जमिनीचा भाडेपट्टा करून देण्याचे काम राज्यांकडेच राहिले. म्हणजे मंत्रालयाला खरा जाब विचारायचा तो सातबाऱ्यावर, आणि बहुतेक निवेदनांत त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो.