इंजिन सुरू आहे, मग ओढ कुठे गेली?

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या शब्दाचा काथ्याकूट केला, तेव्हा काहींची तक्रार होती की उदाहरणं सगळी मडक्याची आणि कुंभाराची. रास्त आहे. म्हणून आज मडकं बाजूला ठेवू आणि डिझेल रेल्वे इंजिन घेऊ. मी इंजिनियर नव्हे, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. पण हे उदाहरण माझ्या विषयातलंच आहे, ते कसं हे पुढे कळेल.

गोव्यात कुळेहून कॅसलरॉककडे चढणारा ब्रागांझा घाट डोळ्यांसमोर आणा. दूधसागर याच वाटेवर. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पावसाळ्याची रात्र. मालगाडी हळूहळू चढतेय. अचानक ड्रायव्हरसमोरचा अँपिअरचा काटा शून्यावर येतो, घंटा वाजते. डिझेल इंजिन बंद पडलेलं नाही, त्याची धडधड ऐकू येतेय. पण ओढ गेली. का?

आधी एक गैरसमज काढून टाकू. या गाडीत डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं. जनरेटरची वीज आसांवर बसवलेल्या मोटरींना जाते, आणि चाकं फिरवतात त्या मोटरी. आपल्याकडे गाजलेलं डब्ल्यूडीएम-२ घ्या. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा आराखडा, १९६४ पासून वाराणसीत बांधणी, २६०० अश्वशक्ती, सहा आस, सहा मोटरी. म्हणजे धडधड आणि ओढ यांच्यामध्ये विजेची एक लांबलचक साखळी आहे. धडधड शाबूत आणि ओढ गायब, हे त्यामुळेच शक्य होतं.

आता ओढ कमी होण्याचे प्रकार वेगळे करू. नाहीतर सगळ्याला ‘बिघाड’ म्हणून आपण मोकळे होतो.

पहिल्या प्रकारात काहीच बिघडलेलं नसतं. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. रुळांपर्यंत १६०० किलोवॅट पोहोचले असं धरा. ताशी २० किलोमीटरला त्यातून सुमारे २९ टन ओढ मिळते. ताशी १०० किलोमीटरला ६ टनांहूनही कमी. शिवाय मोटर जोरात फिरू लागली की ती स्वतःच जनरेटरसारखी वागते, उलटा दाब तयार करते आणि येणारा प्रवाह घटतो. हा निसर्गनियम आहे, कुणाचा दोष नव्हे.

दुसरा प्रकार पकडीचा. इंजिनाचं वजन सुमारे ११३ टन. कोरड्या रुळावर त्याच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त, म्हणजे साधारण ३० टन ओढ मिळते. त्यापुढे चाक जागीच फिरतं. इकडे ३७ला १ च्या चढावर १००० टनांच्या गाडीला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध २७ टन लागतात! म्हणून घाटात जास्तीची इंजिनं जोडतात. रूळ ओला झाला की पकड आणखी घटते. घसरणाऱ्या चाकाच्या मोटरीचा प्रवाह इतरांपेक्षा वेगळा पडतो, रिले तो फरक ओळखतो, वीज कमी करतो. आणि रुळावर वाळू सोडतात.

तिसरा प्रकार खऱ्या बिघाडाचा, आणि आमचं उदाहरण त्यातलं. मोटरींचं विजेचं मंडळ इंजिनाच्या लोखंडी सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेलं असतं. मोटर असते खाली, चाकाजवळ. धूळ, पाणी, उष्णता सगळं तिच्याच वाट्याला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि हळू चढताना प्रवाह भरपूर असतो. वर्षानुवर्षं भाजून इन्सुलेशन ठिसूळ होतं, त्यात ओल शिरते आणि वीज सांगाड्यात गळू लागते. ग्राउंड रिलेला ते कळतं आणि तो सगळीच ओढ तोडतो.

इथे आमचा विषय आला. ओढ कुणी तोडली? रिलेने. मग रिले हे कारण का? तसं मानणारा माणूस बटण दाबून रिले पुन्हा बसवतो, तो पुन्हा पडतो, हा पुन्हा बसवतो. निरोप्याला गप्प केलं म्हणून निरोप खोटा ठरत नाही. प्रत्येक खेपेला त्या गळतीत पुन्हा वीज लोटली जाते. शेवटी मोटर जळते, आगही लागू शकते.

जाणकार ड्रायव्हर काय करतो? एकेक मोटर स्विचने मंडळातून बाहेर काढतो आणि पाहतो. पहिली काढली, रिले पडला. दुसरी काढली, पडला. चौथी काढली, टिकला! म्हणजे दोष चौथीत. मंडळी, नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: ते असताना हे होतं, ते नसताना होत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात हीच रीत भेदाची पद्धत म्हणून मांडली. ती अंधारात, पावसात, मागे शेकडो टन लोंबकळत असताना वापरायची, एवढाच फरक.

निदान झालं तरी प्रश्न संपत नाही. आता पाचच मोटरी उरल्या. ३० टनांच्या जागी २५. सपाटीवर चालेल, चढावर कदाचित नाही. तेव्हा ‘जमवून बघू’ म्हणायचं नसतं. ब्रेक पक्के करायचे, मदतीचं इंजिन मागवायचं. उशीर होईल, बोलणी बसतील. खरं कारण कळल्यावर त्याप्रमाणे वागायची किंमत ही असते.

(श्रोत्यांतून प्रश्न: म्हणजे पाऊस हे कारण नव्हेच का?)

छान विचारलंत. पाऊस दोन वाटांनी येतो. रुळावर येतो तेव्हा पकड घटवतो, मोटरीत शिरतो तेव्हा गळती करतो. पण त्याच पावसात बाकीच्या पाच मोटरी धड होत्या ना? मग नुसतं ‘पावसामुळे’ म्हणणं पुरत नाही. पावसाला दुरुस्त करता येत नाही, इन्सुलेशनला येतं. जिथे हात घालता येईल तिथपर्यंत कारण शोधत जावं, त्याच्या अलीकडे थांबू नये.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी मडकं परत आणतो, बरं का!